देहाने राखलेली विद्या

ख्मेर शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्या मुलीची बोटे रोज थोडी थोडी मागे वळवली जातात. सहाव्या-सातव्या वर्षी ही साधना सुरू होते, कारण त्या वयात सांध्यांचे बंध मऊ असतात आणि हात सांगितलेले ऐकतो. काही वर्षांनी तळहात पुढे धरला की बोटांची टोके मनगटाच्या दिशेने चंद्रकोरीसारखी वळतात. कोपरही सरळ रेषा ओलांडून उलट्या बाजूस किंचित झुकतो. आम्हा डॉक्टरांची अशा सांध्यांशी गाठ पडते ती बहुधा आजारांच्या प्रकरणात. कंबोडियात मात्र हीच कमान सौंदर्याचे पहिले अक्षर मानली जाते.

आरोग्याच्या पाक्षिकात कंबोडियाच्या नृत्याचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. या नृत्याने मला जे शिकवले ते वार्धक्याविषयी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. सुमारे अर्धशतकापूर्वी ही कला पृथ्वीवरून जवळजवळ पुसली गेली होती. ती परत आली ती मूठभर वयस्क स्त्री-पुरुषांच्या देहातून. जे कागदावर पुरेसे उतरलेले नव्हते, ते त्यांच्या खांद्यांत, मनगटांत आणि गळ्यात उरले होते. वृद्ध माणसाच्या शरीराकडे केवळ व्याधींचे घर म्हणून पाहण्याची सवय आपणा सर्वांना, विशेषतः माझ्या व्यवसायातील मंडळींना, लागलेली आहे. त्या सवयीला छेद देणारी ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता कंबोडियाच्या सहलीस गेलो होतो. महाराष्ट्रातील बहुतेक प्रवासी अंगकोर वाट पाहून परततात. आम्ही राजधानी नॉम पेन्ह येथेही चार दिवस राहिलो आणि एका संध्याकाळी हे नृत्य पाहिले. प्रथमदर्शनी त्याची संथता जाणवते. मानेचा एक झोका पूर्ण व्हायला चारपाच क्षण लागतात. नर्तकी एका पायावर उभी राहते, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचलते, तळवा आकाशाकडे वळवते. ही आकाशगमनाची मुद्रा. ती त्या अवस्थेत इतका वेळ स्थिर राहते की पाहणाऱ्याचा श्वास अडावा. माझ्या दवाखान्यात साठीपुढील रुग्णांना मी एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगते, तोल तपासण्यासाठी. त्यामुळे माझे लक्ष तिच्या दागिन्यांपेक्षा जमिनीवर रोवलेल्या घोट्याकडे अधिक होते. त्या घोट्यात होणारी बारीक, अखंड सावरासावर डॉक्टरच्या डोळ्यांना दिसते. बाकीच्यांना दिसते ती केवळ शांतता.

या नृत्याची मूळ अक्षरे म्हणजे ‘क्बाच’, अर्थात हात, पाय आणि धड यांच्या ठरलेल्या आकृती. हातांच्या मुख्य मुद्रांचा अर्थ झाडाच्या जीवनक्रमाशी जोडलेला आहे. एका मुद्रेत कोंब फुटतो, दुसरीत पान उलगडते, तिसरीत फूल उमलते, चौथीत फळ धरते. फळ गळते, बी रुजते आणि चक्र पुन्हा सुरू होते. पात्रांचे प्रकार चार : स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर. गुरू मुलीचा बांधा, चेहरा आणि चाल पाहून तिची भूमिका लहानपणीच ठरवतात आणि पुढे बहुधा आयुष्यभर तीच जोपासली जाते. जरीची वस्त्रे प्रत्येक प्रयोगापूर्वी नर्तकीच्या अंगावरच सुईदोऱ्याने शिवली जातात आणि प्रयोग संपल्यावर उसवली जातात. साथीला ‘पिन पिआत’ नावाचा वाद्यवृंद असतो : लाकडी पट्ट्यांचे वाद्य, वर्तुळात मांडलेल्या घंटा, सनईच्या जातीचे सुषिर वाद्य, ढोल, आणि कथा गाणाऱ्या स्त्रियांचा वृंद.

मराठी माणसाला या नृत्यात परकेपणा फारसा जाणवत नाही, कारण शब्दाशब्दाला ओळखीच्या खुणा भेटतात. मस्तकावरील सुवर्णशिखराला ते ‘मोकोट’ म्हणतात, म्हणजे आपला मुकुट. शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात, म्हणजे गुरू. राजवाड्यातील नृत्यमंडपाचे नाव ‘चान छाया’, म्हणजे चंद्रछाया. रामकथेला ते ‘रिआमकेर’ म्हणतात; तीत सीता ‘सेडा’ होते आणि हनुमान हनुमानच राहतो. एका लोकप्रिय प्रवेशात मात्र हा हनुमान ‘सोवन्न मच्छा’ नावाच्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे सुवर्णमत्स्येच्या, प्रेमात पडतो. ब्रह्मचारी मारुतीला शनिवारी तेल वाहणाऱ्या आमच्या यजमानांना तो प्रवेश पचवायला थोडा वेळ लागला! विद्यारंभी आणि प्रयोगापूर्वी गुरुपरंपरेला वंदन करण्याचा विधी असतो. तो प्रथेने गुरुवारी होतो. बृहस्पतीचा वार आपल्याप्रमाणेच तिथेही गुरूचाच.

ही परंपरा किती जुनी आहे, याचा एक पुरावा दगडात आहे. राजा सातवा जयवर्मन याने ११८६ मध्ये आपल्या मातेच्या स्मरणार्थ उभारलेल्या ता प्रोम मंदिराच्या संस्कृत शिलालेखात, मंदिराच्या सेवेतील लोकांमध्ये ६१५ नर्तकींची नोंद आहे. अंगकोर वाटच्या भिंतींवर समुद्रमंथनाचा भव्य शिल्पपट आहे आणि त्यात घुसळलेल्या सागरातून वर येणाऱ्या अप्सरा आहेत. पुढे साम्राज्य ओसरले, तरी राजदरबाराने हे नृत्य सांभाळले. १९०६ मध्ये राजा सिसोवाथ आपल्या नर्तकींना घेऊन फ्रान्सला गेला, तेव्हा पासष्ट वर्षांचा शिल्पकार रोदाँ त्यांच्या हालचालींनी इतका भारावला की त्यांच्यामागोमाग मार्सेय शहरी जाऊन त्याने सुमारे दीडशे चित्रे काढली. विसाव्या शतकाच्या मध्यास राणी कोस्सामक यांनी या कलेला नवे रूप दिले. वानराच्या भूमिका पूर्वी स्त्रियाच करीत. त्या मुलग्यांना दिल्या, आणि शिल्पातील अप्सरांवरून आजचे सुप्रसिद्ध अप्सरानृत्य बसवले. त्याची पहिली मोठी नर्तकी म्हणजे राणीची नात, राजकन्या बुप्फा देवी. ‘बुप्फा’ म्हणजे पुष्प.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या फौजांनी नॉम पेन्ह ताब्यात घेतले आणि काही दिवसांत सारे शहर रिकामे केले. रुग्णालयांतील रुग्णांनाही खाटांवरून उठवून रस्त्यावर काढले. पुढची तीन वर्षे आठ महिने देश म्हणजे एक विशाल सक्तीची शेतछावणी झाला. पैसा, बाजार, शाळा, देवधर्म, पत्रव्यवहार सारे बंद झाले. सुमारे ऐंशी लाखांच्या देशात पंधरा ते वीस लाख माणसे उपासमार, अतिश्रम, हिवताप, अतिसार आणि हत्या यांना बळी पडली. राजदरबाराशी संबंध, शिक्षण, परकी भाषा येणे हे सारे गुन्हे ठरले. दरबारी नर्तकी या प्रत्येक कसोटीवर दोषी होत्या. अभिजात कलावंतांपैकी दहातले नऊ जण त्या काळात नाहीसे झाले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. १९९३ साली या विषयावर निघालेल्या एका माहितीपटाचे नावच ‘दहावी नर्तकी’ असे आहे.

त्या दिवसांत वाचायचे असेल तर आपल्याला काय येते हे लपवावे लागे. डॉक्टर हाइंग न्गोर यांची कथा वैद्यकीय व्यवसायातील प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. हे स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतःला टॅक्सीचालक म्हणवून छावणीत जगले. त्यांची पत्नी प्रसूतीत अडली. शस्त्रक्रिया करावी तर आपण डॉक्टर आहोत हे उघड होणार आणि सर्वांचाच जीव जाणार. शिवाय हाताशी साधने नाहीत. पत्नी आणि बाळ दोघेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. पुढे अमेरिकेत त्यांनी ‘द किलिंग फील्ड्स’ चित्रपटात काम केले आणि १९८५ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळवले. नर्तकींनाही हेच करावे लागले. ज्या हातांना फुलाची मुद्रा येत होती त्या हातांनी चिखल उपसला. चालण्याची ऐट, मान धरण्याची पद्धत, बोटांची कमान, जे काही ओळख पटवील ते झाकायचे होते. शरीरात मुरलेली विद्या शरीरापासूनच लपवायची, ही शिक्षा मला फार क्रूर वाटते.

जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली. माणसे पायी आपापल्या गावी, शहरी परतू लागली आणि कोण उरले आहे याचा शोध सुरू झाला. नाट्यदिग्दर्शक छेंग फोन, वानराच्या भूमिकेचे कलावंत प्रोउंग छिएंग अशा वाचलेल्या मंडळींनी कलावंतांना हुडकून एकत्र आणले. १९८१ मध्ये राजधानीतील कलाशाळा पुन्हा उघडली. तेथे नृत्याची धुरा उचलली ती चिया सामी या साठी ओलांडलेल्या गुरूंनी. १९१९ साली जन्मलेल्या चिया सामी लहानपणीच राजवाड्यात नृत्य शिकण्यास गेल्या होत्या. त्यांच्या आयुष्यातील विलक्षण योग असा की त्यांचे पती हे पोल पॉटचे थोरले भाऊ. ज्याच्या राजवटीने त्यांच्या सहकाऱ्यांचा आणि कलेचा संहार केला, तो देशाचा सर्वाधिकारी म्हणजे आपण एकेकाळी घरात सांभाळलेला धाकटा दीर आहे, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळले. या बाईंनी उरलेली पंधरा वर्षे मुलींच्या बोटांना वळण लावण्यात घालवली. १९९४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिष्या स्वतः शिकवू लागल्या होत्या.

पुनर्रचनेची पद्धत मला फार बोधक वाटते. भूमिका बालपणापासून वेगळ्या असल्याने प्रत्येकीला संपूर्ण नृत्यनाट्य येत नव्हते. एकीला राजकन्येच्या हालचाली येत, दुसरीला राक्षसाच्या. कुणाला गीत आठवे पण त्यावरचे पाऊल आठवत नसे. कुणाला ढोलाचा बोल ऐकला की पाऊल आपोआप सुचे. मग त्या एकत्र बसत, एक गाई, दुसरी उठून उभी राही, तिसरी म्हणे, इथे हात उजवीकडे होता. तुटलेल्या भांड्याचे तुकडे जुळवावेत तसे हे काम चालले. राक्षसाच्या भूमिकेत आणि गायनात निष्णात असलेल्या एम थिआय यांनी आपली गीतांची वही त्या साऱ्या वर्षांत जपून ठेवली होती. त्याही पुढची चार दशके गुरू म्हणून वावरल्या आणि २०२१ मध्ये वृद्धापकाळी निवर्तल्या. कलाशाळेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत अनाथ मुले पुष्कळ होती. ज्यांना आईबाप नव्हते त्यांना ज्यांची मुले गेली होती त्या स्त्रिया शिकवीत होत्या. कुणाला कुणाची अधिक गरज होती, हे सांगणे कठीण आहे.

आम्हालाही अशा एका नृत्यवर्गात तासभर बसण्याची संधी मिळाली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. दोन्ही गुडघे संधिवाताने वाकलेले, जिना चढताना शिष्येच्या खांद्याचा आधार. वर्गात त्या खुर्चीवर बसून होत्या. पण एखाद्या मुलीचे कोपर बोटभर खाली आले की त्या उठत, मागून जाऊन आपल्या अंगाने तिचे अंग सावरत, एका हाताने तिचे मनगट आणि गुडघ्याने तिचा गुडघा जागेवर आणत. तेवढ्या दोन-तीन क्षणांत त्यांचे स्वतःचे खांदे, मान, बोटे यांत वयाचा लवलेश दिसत नसे. मग परत खुर्चीवर बसून त्या गुडघे चोळीत. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून मनातल्या मनात औषधांची यादी करीत होते. ती आवश्यकही होती. परंतु त्या खोलीत त्यांच्याकडे रुग्ण म्हणून पाहणारी मी एकटीच होते.

याचे शास्त्र थोडक्यात सांगते. आपली स्मृती एकसंध नाही. काल कोण आले होते, औषध घेतले का, नातवाचे नाव काय, या आठवणींसाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा असतो आणि अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तो लवकर दुबळा होतो. पोहणे, सायकल चालवणे, वाद्य वाजवणे, शिवणे अशी हातापायांत मुरलेली कौशल्ये निराळ्या जागी, मुख्यतः बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या आधाराने, साठवली जातात. तिला कृतिस्मृती म्हणता येईल. ती शब्दांत सांगता येत नाही, करूनच दाखवावी लागते, आणि पुष्कळदा इतर आठवणी विरल्यानंतरही दीर्घकाळ टिकते. माझ्या एका रुग्ण आजींना स्मृतिभ्रंशामुळे लेकीचे नाव आठवेनासे झाले होते. गाऊनची बटणे लावणेही जमत नसे. एका सणाच्या दिवशी लेकीने त्यांच्या हाती त्यांचे जुने नऊवारी लुगडे दिले. आजींनी काही न बोलता निऱ्या घातल्या, कासोटा खोचला, पदर सारखा केला, आणि लेकीचा पदर वाकडा आहे म्हणून तोही नीट केला. लेक मला हे सांगताना रडत होती. आजार बरा झालेला नव्हता आणि होणारही नव्हता. पण आई अजून आहे, एवढे तिला कळले होते.

शरीर विद्या राखते तसे घावही राखते. ही दुसरी बाजू सांगितल्यावाचून चित्र अपुरे राहील. छळातून निसटलेले हजारो कंबोडियन निर्वासित अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे स्थायिक झाले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, तेथे येऊन वीस वर्षे लोटल्यावरही त्यांच्यापैकी ६२ टक्के प्रौढांत आघातोत्तर ताणविकार आणि ५१ टक्क्यांत तीव्र नैराश्य आढळले. हे दुःख ते शब्दांत क्वचित सांगत. ते म्हणत, अंगातला वारा वर चढतो, मान जखडते, कान वाजतात, डोके गरगरते, आता जीव जातो. ख्मेर भाषेत वाऱ्याला ‘ख्याल’ म्हणतात आणि या त्रासाला त्याच नावाने ओळखतात. मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत त्याची नोंद झाली आहे. ‘वात डोक्यात गेला’, ‘गॅस छातीत चढला’ असे सांगणारे रुग्ण माझ्या दवाखान्यात रोज येतात. हृदयाचा आलेख काढणे आणि आवश्यक तपासण्या करणे हे पहिले कर्तव्य. तपासण्या निर्दोष आल्या तर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणून मात्र थांबू नये. कधी काळी काय घडले होते, कोण गेले, काय राहून गेले, हे विचारायला हवे.

त्याच लाँग बीचमध्ये २००२ साली सोफिलिन चिम शापिरो यांनी ख्मेर नृत्याची शाळा काढली. ख्मेर रूजच्या काळात त्यांचे वडील आणि दोन भाऊ गेले. राजवट कोसळल्यानंतर कलाशाळेत शिकून निघालेल्या पहिल्या पिढीतील त्या एक. थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांतही, तात्पुरत्या छपराखाली, वाचलेल्या नर्तकींनी मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. धान्य मोजून मिळत असताना नृत्य कशाला, असे कुणी विचारले असेलही. नृत्याने आघात बरा होतो असा दावा मी करणार नाही. त्यासाठी उपचार, औषधे आणि समुपदेशन यांची गरज असते. पण ज्या शरीराने केवळ भय आणि भूक भोगली त्याच शरीराला पान, फूल, फळ यांची भाषा पुन्हा बोलू देणे, यात माणूस म्हणून उभे राहण्याचा काही आधार निश्चित असला पाहिजे.

आज हे नृत्य जिवंत आहे. २००३ मध्ये युनेस्कोने त्याचा मानवजातीच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरव केला आणि २००८ मध्ये त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सहकार्याने वृद्ध गुरू आणि त्यांचे शिष्य यांचे चित्रण करून ठेवण्याचे मोठे काम सुरू झाले. चिंता संपलेल्या नाहीत. पर्यटकांच्या भोजनासोबत दाखवण्यासाठी लांबलचक नृत्ये पंधरा-वीस मिनिटांत कापली जातात. कलावंतांना पोटासाठी दुसरा व्यवसाय करावा लागतो. १९७५ पूर्वी शिकलेली पिढी आता मावळत आहे. २०१९ मध्ये राजकन्या बुप्फा देवीही गेल्या. चित्रफीत हालचाल दाखवते, पण शिष्येचे कोपर बोटभर खाली आले आहे हे तिला कळत नाही. तेवढे सांगायला गुरू लागतो, आणि तो खुर्चीवर बसलेला असला तरी चालतो.

सहलीहून परतल्यावर मी स्वतःच्या घराकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने तिला समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. तरी कापसाची पेळू हाती घेतली की तिच्या बोटांतून सारख्या जाडीच्या वाती उतरत जातात. दर रविवारी दुपारी मी तिच्याजवळ बसून वाती आणि फुलवाती वळायला शिकते. टाके घालण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या बोटांना ते अजून साधत नाही. मी वळलेली वात ती चिमटीत धरून पाहते, म्हणजे बोटांनीच पाहते, आणि म्हणते, “डॉक्टरीणबाई, ही समईत उभी राहायची नाही.” आठवडाभर औषधे, पथ्य, रक्तदाब यांविषयी मी तिला सूचना करीत असते. रविवारी सूचना ती करते. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवते, हे मी वैद्यकीय निरीक्षण म्हणून नोंदवते, शोधनिबंध म्हणून नव्हे.

काळजीवाहक वाचकांसाठी यातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातील वृद्ध व्यक्तीच्या हातात आयुष्यभर काय होते, ते आठवून पाहा : सुई, करवत, तबला, लाटणे, खुरपे, हिशेबाची वही. स्मृतिभ्रंश असेल तर ‘आठवते का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नका. ती वस्तू हाती द्या आणि शेजारी बसा. धार, विस्तव आणि उंची यांपासून जपा. वेळ थोडा ठेवा, पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. चेहऱ्यावर शीण दिसला की थांबा. चुकले तर दुरुस्त करू नका, उलट तुमचे चुकू द्या आणि त्यांना दुरुस्त करू द्या. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर चेहऱ्याबरोबर हातही जवळून टिपा. ज्यांनी फाळणी, भूकंप, महापूर, अपत्यवियोग असे काही सोसले आहे, त्यांना बोलण्याची सक्ती करू नका; बोलू लागले तर घाईने विषय बदलू नका. झोप उडणे, दचकणे, अन्नावरची वासना जाणे किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा दिसल्यास डॉक्टरांना अवश्य भेटा.

ज्यांना झेपेल त्यांनी थोडे नाचावेही. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीत, जी २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली, वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. शारीरिक हालचालींपैकी असा संबंध केवळ नृत्याच्याच बाबतीत दिसला. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, तरी मंगळागौरीच्या खेळाला पाऊल धरायला किंवा भजनात टाळाच्या ठेक्यावर खुर्चीत बसून डोलायला हरकत घेण्याजोगे त्यात काही नाही. तोल जात असेल तर आधार जवळ ठेवावा. बोटे मात्र कुणी मागे वळवून पाहू नयेत. ती संधी आपल्यापैकी बहुतेकांची सातव्या वर्षीच गेली.

कंबोडियात वाचलेल्या गुरूंना हुडकून काढण्यासाठी माणसे गावोगाव फिरली. आपल्या घरातील गुरू पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांना गोळी घेतली का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर, ‘हे मला शिकवाल का?’ असेही विचारावे. त्यासाठी गुरुवारचीच वाट पाहण्याचे कारण नाही.